पाठवलं ते पोचलं

१

लतामावशीला वेड लागलंय, असं उत्तराला एकाच दिवसात तिघांनी फोन करून सांगितलं. आधी मावशीचा मुलगा श्रेयस, मग सून गंधाली, मग मावशीचे धाकटे दीर विद्याधर. तिघांच्याही आवाजात काळजी होती. पण तिघांच्याही काळजीखाली सुटकेचा एक सुस्कारा होता, आणि तो उत्तराला बरोबर ऐकू आला. विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची चौकशी करण्यात तिची अख्खी नोकरी सरली होती. गोदाम जळाल्यावर मालक कसा रडतो, आणि जाळणारा मालक कसा रडतो, यातला फरक तिला झोपेतही कळला असता.

"उत्तराताई, बी प्रॅक्टिकल," श्रेयस म्हणाला होता. "शनिवारी बदलापूरच्या वृद्धाश्रमात ॲडमिशन आहे. तू येऊन तिला नीट समजाव फक्त. तुझं ऐकते ती."

उत्तरानं घाटकोपरहून रिक्षा केली ती समजवायला नव्हे. मुलुंडला पोचेपर्यंत तिचं डोकं इतकं तापलं होतं की रिक्षावाल्यानं उरलेले सुटे पैसे न मागता परत केले.

झालं होतं ते असं. मावशीच्या खोलीत एक एसी होता, गार आणि गरम दोन्ही हवा देणारा. श्रेयसची गुडगावची नोकरी संपली तेव्हा त्यानं तो तिथून आणला होता. मुंबईत गरम हवेची गरज कुणाला पडते? पण यंत्र चांगलं होतं, टाकवेना. गेले दोन महिने मावशी तक्रार करत होती की खोली आपोआप तापते, एसीतून गरम वारा येतो. कुणी बघायला आत आलं की खोली गार. दर वेळी. आणि मग या सोमवारी, भर दुपारी, बंद खोलीत मावशी बेशुद्ध सापडली. एसी गरम हवेवर होता. दोन दिवस सलाइनवर काढून ती काल घरी आली होती.

निष्कर्ष सोपा होता. म्हातारी स्वतःच रिमोटची बटणं दाबते, आणि विसरते.

उत्तरा खोलीत शिरली तेव्हा मावशी पलंगावर बसून बॅग भरत होती. चाकांची, निळी, मोठी बॅग. एकीवर एक ठेवलेल्या साड्यांच्या घड्या वाकड्या पडल्या होत्या. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात या बाईनं कुणाची घडी वाकडी पडू दिली नव्हती.

"उत्तरा, माझं डोकं गेलं गं," मावशी म्हणाली. "मला आठवतच नाही मी बटण कधी दाबलं ते. इतकं कसं विसरते मी?"

"आणि न दाबलेलं बटण आठवणार कसं, मावशी?"

मावशीनं वर पाहिलं. दोन महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. उत्तराला संताप आवरेना.

"रिमोट कुठाय?" तिनं विचारलं.

"तोच तर हरवलाय," मावशी म्हणाली. "तोही मीच कुठेतरी टाकला असणार."

दारातून एक आवाज आला. "हरवूक नाय हा. माझ्याकडे हा."

२

दारात मालन उभी होती. दिवसभर मावशीकडे असणारी बाई, मूळची कणकवलीकडची. आपल्यावर खेकसणार कोण, याची ती वाटच बघत असावी अशी उभी होती.

"ताई, मी खरा सांगतंय. सोमवारी मी बाजारातसून इलंय, खोलीत शिरलंय, तर भट्टी! आजी पलंगार आडवी, तोंड लालबुंद. त्या एसीतसून गरम वारो. माका रिमोटातला काय कळता? मी भिंतीवरचो खटको बंद केलंय नि आजीच्या तोंडार पाणी मारलंय."

"आणि रिमोट?"

"पलंगावर होतो. आळ माझ्यार येतलो, माका ठाऊक होता. म्हणान तसोच उचललंय नि माझ्या पिशवेत घातलंय. तेव्हापासून कोणाक हात लावूक दिलंय नाय."

तिनं रिमोट पुढे केला. मावशीच्या सवयीप्रमाणे तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबरबँड लावलेला होता. उत्तरानं पिशवीतूनच त्याची काच पाहिली. तिथे बर्फाची चांदणी होती, आणि तिच्या शेजारी आकडा. चोवीस.

उत्तरा खुर्ची ओढून बसली.

"मालन, तू देवमाणूस आहेस."

"म्हणजे काय झाला?"

"या रिमोटनं शेवटचा हुकूम काय दिला, ते याच्या काचेवर दिसतं. मावशीनं गरम हवा लावली असती तर इथे सूर्याचं चित्र असतं. इथे बर्फ आहे. चोवीसवर गार. म्हणजे एसीला गरम व्हायला सांगितलं ते या रिमोटनं नाही. दुसऱ्या कशानं तरी."

मावशीच्या हातातली साडी तशीच राहिली. "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस. पण मावशी, शनिवारपर्यंत हे कुणापाशी बोलायचं नाही. बॅग भरत राहा."

उत्तरानं मान वर करून एसीकडे पाहिलं. पांढरं धूड, त्याच्या कडेला फक्त एक हिरवा दिवा. आकडा दाखवणारी काच त्याला नव्हतीच. ही गोष्ट तिनं मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली.

या घरात दुसरा रिमोट होता, आणि तो कुणी बनवला हे सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं. दर समारंभात त्याचं कौतुक सक्तीनं ऐकावं लागायचं.

३

श्रेयस संध्याकाळी ऐरोलीच्या ऑफिसमधून आला आणि आनंदानं ते यंत्र दाखवू लागला. हॉलमध्ये टीव्हीखाली साबणाची एक प्लॅस्टिकची डबी होती, तिला भोक, आणि भोकातून डोकावणारा मसूराच्या दाण्याएवढा दिवा.

"घरी बनवलेलं आहे, ताई. आत वायफायची चिप आणि हा इन्फ्रारेड एलईडी, रिमोटच्या टोकाला असतो तसा. मी जगात कुठेही असलो तरी फोनवरून हॉलचा एसी लावतो. घरी पोचेपर्यंत हॉल गारेगार. झकास ना?"

"आईच्या खोलीतला एसी लावता येईल यानं?"

श्रेयस हसला. हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं, आणि उत्तर तयार होतं. "इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही ताई. समोरासमोर दिसायला हवं. साधा पडदा आडवा आला तरी खेळ खलास. हवं तर फोनवर लॉग बघ, सगळी नोंद असते, सोमवारी मी याला हातही लावलेला नाही."

उत्तरानं बघितलं. खरंच नव्हता लावला.

"आणि एसी चालू झाला की नाही, हे तुला लांबून कळतं कसं?"

"कळत नाही. वन-वे आहे ना सगळं. यंत्राकडून उलट उत्तर येत नाही." त्यानं खांदे उडवले. "फोनवर टिक आली की झालं. पाठवलं ते पोचलं, असं धरून चालायचं."

पुढे तो रॉटरडॅमच्या नोकरीबद्दल बोलला. जूनमध्ये जायचं होतं. व्हिसा झाला होता, गंधालीनं राजीनाम्याचा मसुदा केला होता, अडलं होतं ते आईपाशी. आई म्हणायची, मी धड आहे तोवर हे घर सोडणार नाही आणि कुठल्या आश्रमातही जाणार नाही. "आता तीच जायला तयार झाली," श्रेयस म्हणाला आणि डोळे पुसले. उत्तरानं त्याला लहानपणी कडेवर घेतलं होतं. डोळे खरेच ओले आहेत की काय, ते तिला कळेना, आणि आपल्याला कळत नाही याचाच तिला राग आला.

विद्याधरकाका त्याच मजल्यावर, हवेसाठी मध्ये सोडलेल्या डक्टच्या पलीकडे राहत. ते सोसायटीचे सेक्रेटरी. इमारतीच्या पुनर्विकासाला सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक लतावहिनींची सोडून. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट मावशीच्या खिडकीसमोर होती, आणि श्रेयसनं त्यांनाही तसलीच एक डबी बनवून दिली होती.

"वहिनींना आता विश्रांतीच हवी," काका चहा ओतत म्हणाले.

"आणि तुम्हाला सही हवी."

"हवी! लपवतोय कुठे? वर्षभर लिफ्ट बंद पडतेय, लोक मला शिव्या घालतात, आणि माझी वहिनी म्हणते की तिला हीच फरशी आवडते. चिडलोय मी तिच्यावर. पण म्हणून तिला भाजून काढीन?"

उत्तरानं त्यांच्या खिडकीतून पाहिलं. काचेतून इन्फ्रारेड जातं, हे ती इंटरनेटवर वाचून आली होती. पण मावशीच्या खिडकीला उन्हासाठी जाड, दुहेरी, काळ्या अस्तराचे पडदे होते आणि एप्रिलपासून ते दिवसा उघडलेच जात नव्हते. साधा पडदा आडवा आला तरी खेळ खलास. काका सुटले.

उरली गंधाली. आणि गंधालीनं पहिल्याच बोलण्यात स्वतःला अडकवून घेतलं.

४

"मला त्या नको आहेत घरात," गंधाली म्हणाली. शनिवारच्या तयारीसाठी तिनं शुक्रवारी बँकेतून रजा काढली होती आणि स्वयंपाकघरात डबे आदळत होती. "सरळ सांगते. दहा वर्षं माझ्या आमटीला नावं ठेवून झाली. पण मी भांडले ते तोंडावर भांडले. आणि सोमवारी तर हद्दच झाली. तीसवर हीट लावून बसल्या! मेल्या असत्या म्हणजे माझ्याच नावानं बोंब झाली असती."

"किती वर?"

"तीस."

उत्तरानं ओट्यावर हात टेकला. "गंधाली, मालननं शिरल्या शिरल्या खटका बंद केला. एसीवर आकडा दिसत नाही, हिरवा दिवा फक्त. रिमोट मालनच्या पिशवीत, आणि त्याच्यावर चोवीस आहे, बर्फासकट. तीस हा आकडा या जगात एकाच माणसाला माहीत असू शकतो. ज्यानं तो लावला त्याला."

गंधालीच्या हातातला डबा कलंडला, आणि साबुदाणा ओटाभर पसरला.

"तुम्ही माझ्यावर आळ घेताय?"

"आकडा तुझ्या तोंडून आला."

"मला श्रेयसनं सांगितलं!" ती ओरडली. "हॉस्पिटलमधून येताना गाडीत. म्हणाला, आईनं तीसवर हीट लावली, विचार कर..."

ती थांबली. तिनंच तो विचार केला, आणि तो तिला आवडला नाही.

"अंदाजानं म्हणाला असेल," ती हळू म्हणाली. "जास्तीत जास्त तीसच होतं ना, आणि तीसवर लावला की तो थांबतच नाही, तापवतच राहतो."

"असेल. म्हणूनच मी अजून पोलिसांना फोन केला नाही. चल, मावशीकडे."

मावशीला उत्तरानं सोमवार पहिल्यापासून सांगायला लावलं. मावशी म्हणाली, चैत्रगौर बसवली होती, संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. देवघर तिच्या खोलीतच, त्यामुळे आरासही तिथेच. मालन कैऱ्या आणि मोगरा आणायला खाली गेली. मालन गेली आणि थोड्या वेळात खोली तापायला लागली.

"मग तू रिमोट का नाही घेतलास?"

"श्रेयसनं सांगितलं होतं ना, आई तू त्याला हात लावू नकोस, तुझ्याकडून चुका होतात." मावशीचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, पुन्हा भास होतायत. म्हटलं लक्ष द्यायचं नाही. देवाचं काम करत राहायचं. गौरीमागे माझी हिरवी पैठणी बांधून ठेवली होती, तिचा पडदा सोडला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून पलंगावर टेकले."

आपल्या अंगाची लाही होतेय ही गोष्टच या बाईला खोटी वाटायला लावली होती. उत्तराला उठून काहीतरी फोडावंसं वाटलं. त्याऐवजी ती उठली आणि येरझाऱ्या घालू लागली.

"मालन, तू बाहेर गेलीस की खोली तापायची, परत आलीस की गार. दर वेळी?"

"दर वेळी. म्हणान तर आजीचा कोणाक खरा वाटूक नाय."

"मग सोमवारी गार का झाली नाही? ज्यानं तापवली त्याला ती गार करायचीच होती. त्याशिवाय मावशी वेडी कशी ठरणार? त्यानं गार करायचा हुकूम पाठवला असणार. तो एसीपर्यंत पोचलाच नाही. त्या दिवशी, तापल्यानंतर आणि मालन परत येण्याच्या आधी, या खोलीत काय बदललं?"

मग चौघींचेही डोळे एकाच जागी गेले.

गौर पाळण्यात बसली होती, अजून अक्षय्य तृतीयेपर्यंत बसणार होती. तिच्या मागे, एसीच्या बरोबर समोर, भिंतभर हिरवी पैठणी लटकत होती.

"पैठणीमागे काय आहे, मावशी?"

"ह्यांचा फोटो," मावशी म्हणाली. "सवाष्णी हळदीकुंकवाला येतात, तेव्हा फोटो समोर नको, म्हणून मी दर वर्षी झाकते."

५

उत्तरानं पैठणी बाजूला केली. श्यामसुंदर, म्हणजे मावशीचे यजमान, फळीवरच्या चौकटीतून शांतपणे बघत होते. चौकटीच्या खाली छोटे लाल दिवे पेटलेले, अनेक घरांत फोटोला असतात तसे. वायर मागून भिंतीतल्या पॉइंटला.

"हे दिवे कुणी लावले?"

"श्रेयसनं," मावशी म्हणाली. "ह्यांच्या वर्षश्राद्धाला. आधीचा एकच बल्ब होता, तो काढून ही नवी चौकट केली. केवढं कौतुक वाटलं मला."

दिव्यांच्या रांगेत एक दिवा पेटलेला नव्हता. मसूराच्या दाण्याएवढा.

"हात नका लावू," उत्तरा म्हणाली. "पुरावा हलवायचा नसतो. गंधाली, मालन सोसायटीच्या गेटमधून आत-बाहेर गेली की गेटच्या ॲपवर कळतं ना? कुणाच्या फोनवर?"

गंधालीला उत्तर द्यायचं नव्हतं, ते दिसत होतं. "श्रेयसच्या. माझ्या फोनवरून मी ते काढून टाकलं. सारखं वाजतं."

"मग आपण आता बाहेर जायचं. सगळ्यांनी. गेटवर नोंद होईल अशा."

"आणि काहीच झालं नाही तर," गंधाली दात आवळून म्हणाली, "तुम्ही माझ्या नवऱ्याची पाय धरून माफी मागायची."

"मागीन."

उत्तरानं खटका लावला, रिमोटचं बटण दाबून पुन्हा चोवीसवर खोली गार केली, आणि मावशीला काय बोलायचं ते सांगितलं. मग उत्तरा आणि मालन पुढच्या गेटातून रखवालदाराला नाव सांगून बाहेर पडल्या. मालन घरी गेली. गंधालीनं नवऱ्याला मेसेज केला की ती पार्लरला जातेय, संध्याकाळपर्यंत येत नाही. मागच्या बाजूला कचऱ्याच्या गाडीसाठी एक लहान गेट होतं, त्याची किल्ली सेक्रेटरीकडे असे. विद्याधरकाकांनी कुलूप काढून उत्तरा आणि गंधालीला तिथून परत आत घेतलं. त्यांना उत्तरानं सगळं सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"माझ्या भावाच्या फोटोत?" एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठोपाठ जिना चढले.

खोलीत मावशीनं श्रेयसला फोन लावला होता. लाउडस्पीकरवर.

"श्रेयस, मी उद्या जात नाही रे," ती म्हणाली. सांगितलेलं एकही वाक्य चुकलं नाही. "मला बरं वाटतंय. एसी लावून बसलेय छान. सगळ्या गेल्यात बाहेर. मी धड आहे, मला घरीच राहायचंय."

मग तो म्हणाला, "बरं आई. तू पड जरा. आपण रात्री बोलू."

इतका गोड आवाज होता. गंधालीनं उत्तराकडे विजयानं पाहिलं.

उत्तरानं मुकाट्यानं तिच्या हातात स्वतःचा फोन दिला, कॅमेरा चालू करून. आधी तिनं मावशीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. डोळ्याला काही दिसलं नाही, पण फोनच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळा ठिपका लुकलुकला. टीव्ही दुरुस्त करणारे रिमोट असेच तपासतात. "इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आता हा फोटोवर धर."

गंधालीनं धरला. तिघंही भिंतीला टेकून उभे राहिले. पाळण्यातली गौर, कैरीचा वास, एसीची घरघर. विद्याधरकाकांना खोकला आला, तो त्यांनी रुमालात दाबला. मावशी पलंगावर हात जोडून बसली होती, आणि काही होऊ नये म्हणून जोडले होते की व्हावं म्हणून, ते तिचं तिलाच माहीत.

फोनच्या पडद्यावर, श्यामसुंदरांच्या हनुवटीखाली, एक जांभळा ठिपका लुकलुकला.

एसी टिंग असा वाजला. घरघर थांबली. झडपेनं मान खाली घातली, आणि जरा वेळानं पलंगावर, मावशीच्या अंगावर, गरम वारा येऊ लागला.

गंधालीचा हात हलला नाही. ती शूटिंग करत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिनं फोन खाली घेतला नाही.

६

श्रेयस घरी आला तेव्हा हॉलमध्ये सगळे बसले होते. टीपॉयवर बापाचा फोटो उताणा ठेवला होता, चौकटीचं मागचं झाकण काढून. आत चिप, वायरी, व्यवस्थित चिकटवलेल्या. काम नीटनेटकं होतं.

तो काहीतरी बोलणार होता. उत्तरानं त्याला बोलू दिलं नाही. रिमोटवरची चांदणी, गाडीत बोललेला तीसचा आकडा, गेटचं ॲप, पैठणी, जांभळा ठिपका, तिनं एकेक गोष्ट त्याच्या पुढ्यात आपटली.

"तू तिला मारायला निघाला होतास, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "तू त्याहून हलकट काम केलंस. तू तिच्याकडून तिचं डोकं काढून घेतलंस."

"मला तिला त्रास द्यायचाच नव्हता!" श्रेयस रडायला लागला. या वेळी डोळे खरेच ओले होते. "थोडा वेळ गरम, मग लगेच गार. तिला पटावं एवढंच. नाही तर ती कधी तयार झाली असती? मी तिकडे आणि ती इथे एकटी, मला झोप आली असती का? आणि तिला जबरदस्तीनं ठेवलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"म्हणून तिनं स्वतःहून वेडं व्हायचं. तुझ्या झोपेसाठी."

विद्याधरकाका उठून खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. पुतण्याकडे बघणं त्यांना जमेना.

"पोलिसांना बोलावते," उत्तरा म्हणाली.

"थांब," मावशी म्हणाली.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज पूर्वीसारखा आला. शाळेतून उशिरा आलेल्या श्रेयसला दारात उभं करणारा.

"सोमवारी मी पडले, तेव्हा तुला कळलं का रे?"

"नाही आई! शपथ. मालन गेटमधून आली तसं मी लगेच कूलिंग पाठवलं. फोनवर टिक आली. मला वाटलं..."

"पाठवलं ते पोचलं," उत्तरा म्हणाली.

श्रेयसनं मान खाली घातली.

मावशी त्याच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून बसला होतास. मी म्हणाले, श्रेयस, माझं डोकं गेलं रे. आणि तू म्हणालास, हो आई. आठवतं?"

त्याला आठवत होतं.

मावशी उठली, आपल्या खोलीत गेली आणि निळी बॅग ओढत बाहेर आली. सगळ्यांच्या देखत तिनं ती उघडली, आतल्या साड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि सोफ्यावर रचल्या. कुणी मदतीला पुढे झालं नाही, तिनं होऊही दिलं नसतं. बॅग रिकामी झाली तेव्हा तिनं ती श्रेयसच्या पायांपाशी सरकवली.

"मी धड आहे तोवर हे घर माझं आहे, असं मी म्हणत होते ना? मी धड आहे. हिच्यात तुझे कपडे भर."

"आई, मी कुठे जाऊ आता?"

"जग पडलंय. तू जगात कुठूनही एसी लावतोस ना?"

श्रेयसनं बायकोकडे पाहिलं. गंधाली सोफ्यावरच्या साड्या उचलत होती.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "मी इथेच राहणार. मला ह्यांच्याशी भांडायचंय अजून. तोंडावर."

"आमटीत गूळ कमी घाल, मग बघू," मावशी म्हणाली, आणि साड्यांतली एक तिच्या हातून काढून घेतली, कारण तिची घडी वाकडी झाली होती.

विद्याधरकाकांनी चौकटीतली चिप उपटून काढली, वायरींसकट, आणि फोटो मावशीच्या हातात दिला. तिनं पदरानं काच पुसली. पोलिसांचं काय करायचं, ते मी उद्या सांगते, असं ती उत्तराला म्हणाली, आणि या वेळी उत्तरानं वाद घातला नाही.

आतल्या खोलीतून अजून गरम वारा येत होता. मावशी आत गेली. पैठणी बाजूला झालेली, ती तिनं पुन्हा गौरीमागे सारखी केली. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून रिमोट बाहेर काढला, रबरबँड मनगटात अडकवला, आणि एसीकडे हात करून, सगळ्यांना ऐकू येईल असं, स्वतः बटण दाबलं.

एसी वाजला. थोड्या वेळानं खोली गार व्हायला लागली.